चिमूटभर मिठाचा वेग

आजी दृष्ट काढायची आणि ओवाळलेली मीठ-मोहरी चुलीत टाकायची. मोहरी तडतडायची, जाळ क्षणभर पिवळाधमक व्हायचा आणि पुन्हा मूळ रंगावर यायचा. तो पिवळा रंग डोळ्यांत नीट साठवून घ्या. आजच्या प्रवासात वाट दाखवायला तेवढा एकच दिवा आहे. देश बदलतील, माणसं बदलतील, जवळपास नव्वद वर्षं मागे पडतील, पण तो रंग तसाच राहील. मिठातल्या सोडियमचा रंग आहे तो.

पहिला मुक्काम हॉलंडमधलं लायडन. साल १८९६, पानगळीचे दिवस. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतल्या अंधाऱ्या खोलीत तुम्ही उभे आहात. समोर एक दणकट विद्युतचुंबक आहे. त्याच्या दोन टोकांमधल्या फटीत ज्योत जळते आहे आणि ज्योतीत मिठाच्या पाण्यात भिजवलेला अ‍ॅस्बेस्टॉसचा तुकडा धरलेला आहे. ज्योत पिवळी झाली आहे, अगदी आजीच्या चुलीसारखी. एकतीस वर्षांचा पीटर झेमान त्या उजेडाचा वर्णपट पाहतो आहे. तुम्हीही वाकून पाहा. काळोखात दोन बारीक पिवळ्या रेषा दिसतात, सुरीनं ओढल्यासारख्या. झेमान चुंबकाची वीज सुरू करतो. रेषा रुंदावतात. वीज बंद करतो, रेषा पुन्हा बारीक होतात. तो हे परत परत करतो, कारण जे दिसतंय ते ज्योत हलल्यामुळे किंवा तापमान बदलल्यामुळे दिसत नाही ना, याची त्याला खात्री करून घ्यायची आहे.

हा प्रयोग मायकेल फॅरेडेनं उतारवयात, १८६२ मध्ये, करून पाहिला होता. त्याला काहीच दिसलं नव्हतं. झेमानच्या वाचनात ते आलं. फॅरेडेसारख्या माणसाला जे करून पाहावंसं वाटलं, ते जास्त चांगली उपकरणं हाताशी असताना पुन्हा करण्याच्या लायकीचं असणारच, एवढ्याच विश्वासावर तो या खोलीत आला आहे. अपयशी प्रयोगाची नोंद नीट लिहून ठेवली की चौतीस वर्षांनी तिचा असा उपयोग होतो.

३१ ऑक्टोबरला, शनिवारी, हे निरीक्षण अ‍ॅमस्टरडॅमच्या विज्ञान अकादमीपुढे मांडलं जातं. सोमवारी हेंड्रिक लोरेंट्झ झेमानला बोलावून घेतात आणि त्याचा अर्थ समजावून सांगतात. अणूच्या आत विद्युतभार असलेला एक कण हलतो आहे, चुंबक त्या हालचालीत ढवळाढवळ करतो, म्हणून उजेडाचा रंग किंचित सरकतो. हे खरं असेल तर रुंदावलेल्या रेषेच्या कडांचा प्रकाश एका ठरावीक तऱ्हेनं ध्रुवित असायला हवा. झेमान तपासतो. तो तसाच निघतो. १९०२ सालचं नोबेल दोघांना मिळून मिळतं.

इथून एवढीच शिदोरी बांधून घ्या: प्रत्येक अणूचा स्वतःचा एक सूर असतो, आणि त्या सुराची खुंटी चुंबकाच्या हातात देता येते.

हॅम्बुर्गला घटकाभरच थांबू. १९३३. ओटो स्टर्न यांच्या प्रयोगशाळेत ओटो फ्रिश सोडियमच्या अणूंचा एक बारीक झोत निर्वात पोकळीतून सोडतो आणि बाजूनं त्यावर सोडियमच्याच दिव्याचा पिवळा उजेड पाडतो. झोत बाजूला सरकतो, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास. उजेड अणूला ढकलतो, हे इथे मोजून दिसलं. दिवा मात्र फार दुबळा आहे. झोतातल्या बहुतेक अणूंना वाटेत एकही धक्का बसत नाही. आणि हे वर्ष १९३३ आहे. नाझी सत्तेवर आले आहेत. ज्यू असल्यामुळे फ्रिश यांची नोकरी जाते, स्टर्नही जर्मनी सोडतात, आणि जगातली एक उत्तम प्रयोगशाळा काही महिन्यांत ओस पडते. चला इथून.

आता थेट १९८१. अमेरिकेची राजधानी असलेल्या वॉशिंग्टनच्या जरा वर, मेरिलँड राज्यात गेदर्सबर्ग आहे. तिथे नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्स या सरकारी संस्थेचा विस्तीर्ण परिसर आहे. किलो, सेकंद, अँपियर यांची मापं सांभाळणारी ही संस्था. विल्यम फिलिप्स इथे १९७८ मध्ये आला तो विजेच्या मापांच्या कामासाठी. नेमून दिलेलं काम सांभाळून उरलेल्या वेळात तो एका वेगळ्याच गोष्टीच्या मागे लागला आहे: अणूंना उजेडानं थांबवायचं. न्यू यॉर्क राज्यातल्या स्टोनी ब्रूक विद्यापीठातून हॅरल्ड मेटकाफ त्याच्या जोडीला आला आहे.

अणू कशाला थांबवायचे? मापं सांभाळणाऱ्या माणसाला हे सांगावं लागत नाही. सेकंद मोजायचा तो अणूच्या सुरावरून, आणि अणू तर बंदुकीच्या गोळीसारखा समोरून निघून जातो. जाता जाता त्याचा सूर किती नेमका ऐकणार? तो थांबला तर निवांत ऐकता येईल.

खोलीत या. पंपांची घरघर कानाला सवयीची व्हायला पाच मिनिटं लागतील. टेबलावर आडवी निर्वात नळी आहे. तिच्या एका टोकाला भट्टी, भट्टीत सोडियम. हा सुरीनं लोण्यासारखा कापता येणारा चंदेरी धातू तापून त्याची वाफ झाली आहे आणि बारीक छिद्रातून अणू सुसाट बाहेर पडताहेत, सेकंदाला सुमारे १००० मीटर वेगानं. या वेगानं निघालात तर मुंबईहून पुण्याला अडीच मिनिटांत पोचाल. नळीच्या दुसऱ्या टोकाकडून, झोताच्या अगदी समोरून, लेझरचा पिवळा किरण येतो आहे. त्याची तरंगलांबी ५८९ नॅनोमीटर. ओळखलात ना? आजीच्या चुलीतला रंग.

धावत्या बैलगाडीवर समोरून ज्वारीचा एकेक दाणा मारत गाडी थांबवायची असेल तर काय होईल, याचा विचार करा. प्रकाशाचा एक कण, म्हणजे फोटॉन, सोडियमच्या अणूनं गिळला की त्याचा वेग सेकंदाला फक्त ३ सेंटिमीटरनं कमी होतो. मुंगीच्या चालीएवढा फरक. गिळलेला उजेड अणू पुन्हा बाहेर टाकतो, पण तो वाटेल त्या दिशेनं टाकतो, त्यामुळे ते सगळे धक्के एकमेकांत जिरून जातात. समोरून बसलेले धक्के मात्र साचत जातात. १००० मीटरचा वेग संपवायला असे ३३ हजारांच्या आसपास धक्के हवेत. हे अशक्य वाटतं, पण अणू फार चपळ असतो. गिळायचं आणि टाकायचं हे चक्र सेकंदाच्या तीन कोटीव्या भागात उरकतं. तेव्हा हिशेब जमतो: एका मिलिसेकंदात, अर्ध्या मीटरच्या वाटेत, अणू थांबायला हवा.

हवा खरा, पण थांबत नाही. का ते कळायला एक आठवण पुरेल. गाडीत खिडकीशी बसून तुम्ही फाटकाच्या घंटेकडे जात असता तेव्हा घंटा चढ्या सुरात ऐकू येते. गाडीचा वेग उतरला की तीच घंटा उतरलेली वाटते. अणूचंही तसंच. समोरून येणारा उजेड त्याला चढा ऐकू येतो, आणि वेग जसजसा कमी होतो तसतसा तो उजेड उतरत जातो. आणि सोडियमचा कान फार काटेकोर. त्याच्या सुरात १० मेगाहर्ट्झची चूक झाली की तो उजेडाकडे ढुंकूनही पाहत नाही. दोनशेक फोटॉन गिळले, वेग सेकंदाला ६ मीटरनं कमी झाला, की एवढी चूक होऊन बसते. पुढचे बत्तीस हजारांहून जास्त फोटॉन शेजारून निघून जातात आणि अणू आपल्या वाटेनं पुढे पळतो.

आणखी एक दुखणं आहे. सोडियमच्या अणूला तळाला दोन पायऱ्या असतात, एक किंचित खाली, एक किंचित वर. वरच्या पायरीवरचा अणू लेझरशी बोलतो. कधी चुकून तो खालच्या पायरीवर घसरला की त्याला लेझर दिसेनासा होतो. आणि ३३ हजार फेऱ्यांत एकदाही पाय घसरायचा नाही, अशी ही अट आहे.

मॉस्कोजवळच्या त्रोइत्स्कमध्ये लेतोखोव, बालिकिन, मिशिन यांचा गट याच सोडियमशी झगडतो आहे. उपाय म्हणून लेझरचाच सूर बदलत न्यायचा, म्हणजे घंटेचा सूर गाडीच्या वेगाप्रमाणे हलवायचा, हा एक रस्ता. तो चालतो, पण एका वेळी अणूंच्या एकाच जथ्यासाठी. फिलिप्स आणि मेटकाफ दुसऱ्या बाजूनं विचार करतात. लेझर आहे तिथेच राहू दे. अणूचाच सूर हलवू.

आता नळीकडे पाहा. नळीभोवती तांब्याच्या तारेची लांबलचक गुंडाळी आहे, पण ती सगळीकडे सारखी नाही. भट्टीकडे थरावर थर चढवले आहेत, पुढे पुढे थर कमी होत गेले आहेत, शेवटाला अगदी विरळ. बाहेरून पाहिलं तर गाजरासारखी निमुळती. हिच्यात वीज सोडली की नळीच्या तोंडाशी चुंबकक्षेत्र जोरदार असतं आणि पुढे उतरत जातं. १००० मीटरच्या वेगाची भरपाई करायला हजार-बाराशे गॉस लागतात, पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राच्या काही हजार पट. उतार कसा हवा तेही ठरलेलं आहे. ब्रेक एकसारखा लागत असेल तर वेगाचा वर्ग अंतराबरोबर सरळ रेषेत कमी होतो, म्हणून चुंबकक्षेत्र वर्गमुळाच्या वक्रानं उतरायला हवं: सुरुवातीला सावकाश, शेवटाकडे झपाट्यानं. शाळेतलं गतीचं समीकरण तारेच्या वेढ्यांत गुंडाळून ठेवलं आहे.

तंबोरा लावताना खुंटी पिळून तार जवळपास आणतात आणि मग मणी सरकवून सूर नेमका करतात, ते तुम्ही पाहिलं असेल. या गुंडाळीचा प्रत्येक वेढा म्हणजे असा एक मणी आहे.

आता तुम्हीच अणू व्हा. भट्टीच्या छिद्रातून बाहेर पडलात. समोरून उजेडाचा एक सूर येतो आहे, तुम्ही त्याच्याकडे धावत असल्यामुळे तो फार चढा लागतो. एरवी तो तुमच्या कानाला लागलाच नसता. पण नळीत शिरताच चुंबकानं तुमचाही सूर तितकाच चढवून ठेवला आहे. दोन्ही सूर मिळाले. पहिला धक्का. उजेड पोटात गेला, १६ अब्जांश सेकंदानं बाहेर पडला, कुठल्या तरी बाजूला. लगेच दुसरा धक्का. तिसरा. पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ९० हजार पट जोरानं कुणीतरी तुम्हांला मागे रेटतं आहे. वेग कमी झाला म्हणून समोरचा सूर उतरला. तोवर तुम्ही जरा पुढे आला आहात, इथे चुंबकक्षेत्रही जरा कमी आहे, तुमचाही सूर तेवढाच उतरला. पुन्हा मेळ. कुठेही तुटत नाही. आणि पायऱ्यांचं दुखणं? जोरदार चुंबकक्षेत्रात तुमच्या पायऱ्या एकमेकींपासून इतक्या लांब गेल्या आहेत आणि लेझरचा प्रकाश अशा तऱ्हेनं वर्तुळाकार ध्रुवित केलेला आहे की तुम्ही घसरता ते पुन्हा त्याच पायरीवर. सूर जुळवण्यासाठी आणलेल्या चुंबकानं हेही काम करून टाकलं.

बाजूला पाहा. तुमच्याबरोबर भट्टीतून निघालेले सगळे अणू एका वेगाचे नाहीत. कुणी ९०० नं धावतो आहे, कुणी ७०० नं. त्यांना नळीच्या तोंडाशी उजेड लागतच नाही. ते तसेच पुढे जातात, आणि त्यांच्या वेगाला जुळणारं चुंबकक्षेत्र जिथे येतं तिथे त्यांना पहिला धक्का बसतो. तोवर तुमचाही वेग तेवढाच झालेला असतो. आळंदीहून पालखी निघते, वाटेत गावोगावच्या दिंड्या येऊन मिळतात आणि पंढरपूरला सगळा मेळा एकत्र पोचतो, तसं हे. निघताना विस्कळीत असलेली गर्दी शेवटाला एकाच चालीनं चालते. लेझरचा सूर हलवण्याच्या पद्धतीत हे घडतं ते एका जथ्यापुरतं. इथे नळी अखंड वाहते आहे.

मला या यंत्राबद्दल जे प्रेम वाटतं ते याच जागी. झेमाननं पाहिलेला तो किंचित सरकणारा रंग चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशी वर्षं वर्णपटाच्या पुस्तकांत होता. सूर्यावरच्या डागांमधलं चुंबकक्षेत्र मोजायला जॉर्ज हेलनं १९०८ मध्ये तो वापरला. पण तो पाहण्याची गोष्ट होता. पाहण्याच्या गोष्टीचा ब्रेक करता येईल हे सुचायला वेगळी नजर लागते, आणि ते प्रत्यक्षात आणायला फक्त तांब्याची तार आणि शाळेतलं समीकरण लागतं. या गुंडाळीला पुढे झेमानचंच नाव मिळालं, झीमन स्लोअर. इंग्रजीत आडनावाचा उच्चार बदलला, माणूस तोच.

बाहेर या. नळीच्या शेवटी दुसरा एक क्षीण लेझर किरण अणूंचा वेग तपासतो आहे. थांबवणारा लेझर बंद असताना आलेख म्हणजे एक रुंद, बसकी टेकडी: सगळ्या वेगांचे अणू मिसळलेले. लेझर सुरू केला की टेकडीचा मोठा लचका तुटतो आणि हळू वेगाच्या बाजूला एक उंच, बारीक सुळका उभा राहतो. ज्या दोन शोधनिबंधांत हे छापून आलं ते दोन्ही १९८२ चे, दुसऱ्यात जॉन प्रोडन हेही सहलेखक. तीन वर्षांनी, १९८५ मध्ये, याच गटानं अणू पूर्ण थांबवल्याचं जाहीर केलं, आणि त्याच सुमारास कोलोरॅडोतल्या बोल्डरमध्ये जॉन हॉल यांच्या गटानं लेझरचा सूर हलवून तेच साधलं. दोन्ही रस्ते मुक्कामाला पोचले.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा, कारण तो भल्याभल्यांचा होतो. या नळीत चुंबक अणूला थांबवत नाही. थांबवतो उजेड. चुंबक सूर सांभाळतो. निव्वळ चुंबकाच्या जोरावर अणू थांबवायचे असतील तर तुम्हांला २००८ च्या टेक्सासात, ऑस्टिनला जावं लागेल. तिथे मार्क रेझन यांच्या गटानं ६४ छोट्या गुंडाळ्या एकापुढे एक मांडल्या आहेत. निऑनचा अणू गुंडाळीत शिरताना चुंबकक्षेत्राचा चढ चढतो आणि दमतो, उतार लागायच्या आत वीज तोडतात, पुढे दुसरा चढ. सेकंदाला ४४६ मीटरवरून ५५.८ मीटर. लेझरला दाद न देणाऱ्या अणूंसाठी ही वाट फार मोलाची आहे.

गेदर्सबर्गच्या नळीचं पुढे काय झालं हे विचाराल तर १९९५ च्या शरद ऋतूत एमआयटीत डोकावून या. वोल्फगांग केटर्ले यांच्या टेबलावर याच जातीची गुंडाळी आहे, भट्टीत हेच सोडियम आहे, आणि नळीपलीकडे आणखी थंड करत नेलेले अणू एकच मोठी लाट होऊन वागताहेत. १९२४ मध्ये ढाक्याहून सत्येंद्रनाथ बोस यांनी आइन्स्टाइनना पाठवलेल्या निबंधातून जिचा अंदाज निघाला ती ही अवस्था. आपल्याकडेही, पुण्यात पाषाणच्या आयसरमध्ये, थंड अणूंची प्रयोगशाळा चालते. पुढेमागे संधी मिळाली तर जरूर पाहा. लेझरच्या उजेडात थांबलेला अणूंचा पुंजका नुसत्या कॅमेऱ्यातही दिसतो.

परतण्याआधी गेदर्सबर्गला एकदा येऊन जाऊ. १९८५. फिलिप्स यांना नोबेल मिळायला अजून बारा वर्षं आहेत. नळीच्या पलीकडे आता विरुद्ध दिशांनी वीज खेळवलेल्या दोन गुंडाळ्या आहेत. त्यांच्या मध्ये चुंबकक्षेत्राचा एक खळगा तयार होतो, अर्ध्या पेल्याहूनही लहान, २० घन सेंटिमीटरचा. सेकंदाला १००० मीटरनं निघालेले आणि ३.५ मीटरच्या खाली आलेले अणू त्यात येऊन पडतात. लेझर बंद होतो, काळोख होतो. थोड्या वेळानं पुन्हा उजेड टाकून पाहतात, तर खळग्यात अजून पिवळं काहीतरी चमकतं आहे. विद्युतभार नसलेले अणू माणसानं सापळ्यात धरून ठेवले ते इथे पहिल्यांदा. ते सरासरी ०.८३ सेकंद टिकले. चुंबक त्यांना आणखी थांबवून ठेवायला तयार होता. पोकळीत उरलेल्या चुकार हवेनं धक्के मारून त्यांना बाहेर काढलं.